मल्लप्पांचं काज

मल्लप्पा भोकाला भोक म्हणू देत नसत. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सांभाळत. त्याआधीची कैक वर्षं अक्कलकोटला शिलाई मशीनवर गेलेली. मी तेव्हा नवा होतो. पेशीच्या केंद्रकाभोवती दुपदरी पटल असतं, त्याला भोकं असतात, असं वर्गात सांगत होतो. काचपट्ट्या पुसता पुसता ते मागून म्हणाले, ‘‘सर, भोक पाडल्यावर कडंला दोनी पदर उसवत न्हाईत व्हय?’’

मुलं हसली. मी पुस्तक उघडलं. भोकाच्या काठाशी आतला नि बाहेरचा पदर एकमेकांत मिसळतात, असं तिथं होतं.

‘‘मंग काज म्हणा की!’’

आठवड्याभरात त्यांनी टॉवेलचे दोन पदर जोडून फुटबॉलएवढा गोळा शिवला. आत डीएनए म्हणून लाल लोकर. काठ गच्च टाक्यांनी बांधलेली काजं, प्रत्येकाला रबराची चकती. बारीक मणी सहज आतबाहेर जाई, मोठा अडे. ‘‘बारक्याला मोकळीक, थोरानं चिठ्ठी दावायची,’’ ते मुलांना सांगत. ‘‘आन् अस्सल आतच ऱ्हातं. भायेर फिरती ती नक्कल.’’

तो गोळा मी शैक्षणिक साधनांच्या स्पर्धेत नेला. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर ‘निर्माता’ म्हणून नाव घातलं माझं. एकट्याचं. परीक्षकांनी विचारलं, ‘‘काजाची कल्पना कशी सुचली?’’

‘‘सहज,’’ मी म्हणालो.

मल्लप्पा मागेच पिशवी धरून उभे होते. बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्याही वाजवल्या त्यांनी. परतताना गाडीवर मागून एवढंच म्हणाले, ‘‘सहज काज व्हत न्हाय, सर. अंगठा लई सुजतो.’’

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या तासाला त्यांनी मागून एकही प्रश्न विचारला नाही. काचपट्ट्या मात्र रोज पुसल्या. मला माफी मागायची होती. उद्या बोलू, उद्या बोलू म्हणत राहिलो.

यंदा ते गेले. भेटायला गेलो, तर त्यांची मुलगी चहा देत म्हणाली, ‘‘आप्पा सगळ्यांना सांगायचे, आमच्या सरांनी स्वतः शिवलाय, टाका बघा म्हणून. आहे का हो अजून तो गोळा?’’

‘‘आहे,’’ म्हणालो. चहा संपवला. खरं न सांगताच उठून आलो.

मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. गोळ्यावरची माझ्या नावाची चिठ्ठी आज सोडवली. हे सगळं लिहिलेला हा कागद आणि तो गोळा घेऊन आता तिच्याकडेच निघालोय.