टोपल्याखालची चाल

सिनेमात त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टॉकीजमधले सगळे हसले आणि मी उठून बाहेर आलो. पडद्यावर माझे पाय चालत होते.

तो हसवणारा नट म्हणजे आमच्या गावचा भाचा. घर आंजीकडे, पण कॉलेजात असताना सुट्ट्या काढायचा मामाकडे, सेलूजवळ आमच्या गावात. त्याच्या मामाचं वावर माझ्या वावराला लागून. सकाळी मी वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन निघालो की हा दोन वावरांमधल्या धुऱ्यावर बसून पाहत राहायचा. ओलीत केलेल्या वावरातून भरलं टोपलं न्यायचं तर मान हलता कामा नये. गुडघे वाकवायचे, कंबर डावीकडे सोडायची, अंगठ्यानं आधी चिखल चाचपायचा, मग टाच टेकायची. इतकी वर्षं असा चाललो की टोपलं उतरवल्यावरही चाल तीच राहिली. मलाही तो मामाच म्हणायचा. "मामा, आणखी एकदा चाला ना." मी चालायचो. मूर्ख होतो.

पुढे तो नागपूरला नाटकात गेला, तिथून मुंबईला. हवालदार झाला तरी तसाच चालला, नवरदेव झाला तरी तसाच. एकदा तर वकील होऊन कोर्टातही तसाच चालला. तो तोंड उघडायच्या आधी लोक चालीलाच हसायचे. मुलाखतीत कोणी विचारलं, ही चाल कुठून आणली, तर म्हणे, "आरशासमोर सहा महिने मेहनत केली." आरसा. माझ्या घरी तेव्हा दाढीपुरताही धड आरसा नव्हता.

तेवढंही मी गिळलं असतं. पण सेलूच्या बाजारात एक बाई मला चालताना पाहून आपल्या नवऱ्याला म्हणाली, "पाहा न, बुढा कशी हुबेहूब नक्कल करून राह्यला त्याची." चाल माझी आणि नकल्याही मीच. त्या दिवशी ठरवलं, हा कधीतरी माझ्यासमोर येईल. वाट पाहायचा मला कंटाळा नाही.

त्याचेही केस पांढरे झाल्यावर, यंदा तो आला. केळझरच्या गणपतीचं दर्शन झालं, मग आमच्या गावात सत्कार. शाळेचे मास्तर माईकवर म्हणाले, "साहेबांची नक्कल करणारे एक काका आपल्याही गावात आहेत. या काका."

मी तयारीनंच गेलो होतो. स्टेजमागे भरलं टोपलं आणि चुंबळ ठेवली होती. ती त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"भाचेबुवा, एकदा हे घेऊन चाला. लोकाईले पाहू द्या."

"मामा, आता वय झालं."

"मी तुमच्याहून पंधरा वर्षांनं मोठा आहो. आज सकाळीच आणलं हे."

लोक शिट्ट्या मारायला लागले. त्याला उठावंच लागलं. चुंबळ डोक्यावर ठेवली, दोघांनी टोपलं उचलून दिलं. तो पडद्यावर चालतो तसाच चालला, मान डोलवत, खांदे उडवत. पडद्यावर डोक्यावर काही नसायचं, म्हणून मान डोलली तरी भागायचं. तिसऱ्या पावलाला वांगी स्टेजभर झाली. लोक हसले. त्याला ते रोजचंच हसू वाटलं, त्यानं वाकून नमस्कारही केला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "साहेबाले तर चालताच येत नाई बे." तेव्हा त्याचं तोंड उतरलं. ते तोंड मी डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच वावरात आला.

"मामा, चुकलं माझं. मानेकडे मी तेव्हा पाहिलंच नाही. एकदा दाखवा. तुमचं नाव घेतो, सगळ्यांना सांगतो."

"आरशाले विचार."

तो धुऱ्यावर बसला, तरणा होता तेव्हा बसायचा तसाच. बाजाराचं टोपलं भरून तयार होतं. मी त्याच्यासमोर बसलो आणि सुपारी कातरू लागलो. ऊन चढलं. त्याच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. बायको वांगी तोडून आली.

"अवो, बाजार उठून जाईन. उचला न टोपलं."

"हा जाऊ दे. मंग उचलतो."

त्यानं मान खाली घातली, पण उठला नाही. बायको तणतणत घरी निघून गेली. दुपारपर्यंत वांगी सुकून मऊ पडली. मग तो गेला.

गाडीचा आवाज विरेपर्यंत मी बसून राहिलो. नंतर टोपलं डोक्यावर घेतलं आणि गोठ्याकडे नेलं. म्हशीनं पाहिलं माझं चालणं. तिला पाहू दिलं.