हंगाम आटपू दे

कापसाची मूठ उचलली की माझी जोडीदारीण ती आधी गालाला लावायची. डोळे मिटायची आणि म्हणायची, "ओला हाय वं. गाल सांगते."

मग मुकादम कितीही ओरडो, तो ढीग उन्हात पसरल्याशिवाय ती हात लावत नसे. त्या वर्षांत सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, असं सगळे म्हणत. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारून आणत. अमरावतीच्या त्या कापसाच्या वाडीत ते कुणालाही कळलं नसतं, पण तिच्या गालाला कळायचं.

आम्ही दोघी सरकी काढायच्या एकाच रेच्यावर बसायचो. मी दांडा फिरवायची, ती दोन लाकडी लाटांच्या फटीत कापूस भरवायची. पलीकडे रुई पडे, अलीकडे सरकी. माझा हात आणि तिचा हात इतके एकमेकांच्या सवयीचे झाले होते की दिवसभर बोललो नाही तरी काम अडत नसे. अर्थात न बोलणं तिला जमायचंच नाही. एकदा मुंबईचा दलाल छत्री उघडून कापूस पाहायला आला. ती मोठ्यानं म्हणाली, "याले सावली लागते, कापसाले ऊन लागते. दोघायचं जमन कसं?" वाडीभर बाया हसल्या. दलालाला मराठी कळत नव्हतं, तोही हसला.

लहानपणीच तिचा नवरा गेलेला, भावाच्या घरी राहायची. माझं पहिलं मूल जन्मून चार दिवसांत गेलं, तेव्हा महिनाभर दांडाही तिनंच फिरवला आणि कापूसही तिनंच भरवला. माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून. मी परत आले तर म्हणाली, "बस. तुह्यावाचून हा रेचा मलेच शिव्या देऊन राहिला होता."

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला ते ठाऊक असायला हवं.

एका दुपारी भाकर खाऊन झाल्यावर तिनं मला कापसाच्या गंजीमागं नेलं. माझा हात धरला आणि पदराआड स्वतःच्या छातीवर ठेवला. बोटांखाली आवळ्याएवढी गाठ लागली. टणक. दाबली तरी हलेना.

"दुखते?"

"नाई ना. म्हनूनच भेव वाटते."

अकोल्याला एक म्हातारे हकीम होते, गाठी कापून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. भावाला असलं सांगायची तिला लाज वाटत होती. "तू येशीन काय माह्या संगं?" तिनं विचारलं. "परक्या मानसापुढं एकटीनं पदर काढाची हिंमत नाई माह्यात."

मी म्हणाले, "हंगाम आटपू दे. मग जाऊ."

त्या हंगामात मजुरी कधी नव्हे एवढी मिळत होती. वाडीतल्या निम्म्या बायांच्या हातात चांदीचे गोट आले होते. मलाही हवे होते. तुम्हाला दुसरं कारण सांगता आलं असतं, पण ते खरं नाही.

संक्रांतीनंतर तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

उन्हाळा लागताना ती जागा चिघळली. लुगड्यावर डाग दिसू लागले, वास येऊ लागला. बाया आपले पाण्याचे गडू दूर ठेवू लागल्या. एक दिवस मुकादमानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू हिच्याजवळ बसते. लागनारा रोग हाय का हा?"

नाही, एवढं म्हणायचं होतं. मी दांड्याकडे पाहत राहिले.

ती उठली. अंगावरची रुई झटकली, कुणाकडे न पाहता निघून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दुसरी बाई बसली.

हंगाम आटपल्यावर मी तिच्या भावाच्या घरी गेले. गोठ्यालगतच्या खोलीत तिची खाट टाकली होती. ती मला चार शब्द सुनावील, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "आली? बस. ते नवी बाई ओला कापूस भरवते का वं?"

मी भावाला सांगून बैलगाडी जुंपायला लावली. अकोल्याला पोचायला तीन दिवस लागले. भाऊ पुढे बैल हाकत होता. मी मागे तिला मांडीवर धरून बसले होते. चाक खड्ड्यात गेलं की ती माझं मनगट घट्ट आवळायची.

हकीमसाहेबांनी आपल्या बीबीला बोलावून पडद्याआड तिला तपासायला लावलं. बीबी बाहेर येऊन हळू आवाजात त्यांच्याशी बोलली. मग ते मला म्हणाले, "बेटी, आवळ्याएवढी व्हती तवा आनली असती तं मी हात घातला असता. आता काखेत उतरली. इतके दिवस काय करून राहिले तुमी?"

माझं तोंड उघडायच्या आत पडद्याआडून तिचा आवाज आला. "मलेच सवड नव्हती, हकीमजी. हे बिचारी रोज म्हने, चाल, चाल. मीच आयकलं नाई."

परतताना भाऊ बैलांना पाणी पाजायला उतरला, तेव्हा मी विचारलं, "काहून खोटं बोलली?"

"तीन दिवसायची वाट हाय," ती म्हणाली. "दोघींनी रडत रडत जावं काय?"

त्यानंतर पावसाळा लागला तरी मी रोज तिच्याकडे जात होते. कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, मऊ रुई ठेवून बांधायची, केस विंचरायचे. वाडीतल्या दोघींना मीच हाताला धरून नेलं. मग त्याही पाळीपाळीनं येऊ लागल्या. ती त्यांना मुकादमाची नक्कल करून दाखवायची, हसता हसता धाप लागेपर्यंत. मला खरं सांगून टाकायचं होतं, निदान त्या दोघींना. रोज ठरवायची. रोज राहून जायचं.

पोळ्याच्या आधी ती गेली.

तेराव्याला अंगणात सगळ्या जमल्या होत्या. भाऊ माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी किती मागं लागल्या व्हत्या, तिनं समदं सांगतलं आमाले." शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सख्ख्या बहिनीनं केलं नसतं वं तू केलं ते."

मी मान खाली घातली. बायांना वाटलं, मी रडते आहे.