न रडणारी पोरं

तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात ती सिस्टर होती, आणि एका जागी बसेल तर शपथ! घरी सासूबाई कावायच्या, "अगं, दोन घास तरी बूड टेकून खा." ही मोरीजवळ उभ्यानंच जेवायची. नवरा म्हणायचा, हिला खुर्ची फक्त ओढणी टाकायला लागते. पण तिचाही इलाज नव्हता. हृदयाच्या पोरांचं काही खरं नसतं. आत्ता हसत असतं, आणि पाठ फिरवून परत बघावं तर ओठ निळे. अशा पोरांमध्ये निम्मं आयुष्य काढल्यावर माणूस निवांत कसा राहणार?

एका गोष्टीचा मात्र तिला गर्व होता, आणि तो ती लपवायचीही नाही. तिच्या हाताखाली पोर रडत नसे. जखमेवरची पट्टी काढायची म्हटल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते, तिथे एवढ्याएवढ्या जिवांची काय कथा! भिंगरी पट्टीची कड आधी भिजवायची, ओठांनी फुर्र फुर्र करायची, स्वतःच्या नाकाला चिकटपट्टी लावून शिंकायचं सोंग आणायची, आणि पोर खिदळेपर्यंत पट्टी हातात आलेली असायची. मोठ्या डॉक्टरांना ही सोय फार आवडे. पोर भोकाड पसरून बसलं तर छातीतलं ऐकू काय येणार, कपाळ? म्हणून ते फेरीला आले की भिंगरी पोराजवळ हजर पाहिजे, असा वॉर्डाचा रिवाजच पडून गेला होता.

त्यात ढमी आली. दीड वर्षाची, अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून बापानं चेष्टेनं ढमी नाव ठेवलेलं. हृदयाला जन्मापासून भोक, आणि वर आणखी एक दुखणं. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते. रोगाशी लढणारे शरीराचे शिपाई तिथल्या तालमीत तयार होतात. ढमीच्या नशिबी ती तालीमच नव्हती. म्हणून तिला भेटायला येणाऱ्यांना मनाई, आणि हात धुतल्याशिवाय कुणी जवळ गेलं की भिंगरी अशी खेकसायची की तो माणूस पुन्हा जवळ येत नसे.

ऑपरेशन चांगलं झालं. छातीचं कापलेलं हाड तारांनी बांधलं, वर टाके घातले. जखम रोज कोरडी, ना लाली, ना सूज, ना ताप. मोठे डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी सोडू." आईच्या डोळ्यांना धार लागली.

आणि भिंगरीला चैन पडेना. ढमीची नाडी थोडी जलद होती. दूध अर्धं टाकत होती. दोन्हीला कारणं सापडत होती, पण मन खात होतं. एवढी कोरडी जखम कशी? ज्या घरात पहारेकरीच नाहीत, तिथे चोर शिरला तर आरडाओरडा करणार कोण? ती कॉटकडे जायची, बघायची, निघायची आणि पुन्हा परतायची.

"सिस्टर, तुम्ही बसा ना जरा," ढमीची आई म्हणाली. "मलाच घाबरायला होतंय."

"रात्री कशी असते ही?"

"रडते हो पहाटे. कुशीवर वळवलं की किंचाळते."

"माझ्यासमोर तर हूं नाही की चूं नाही."

आई हसली. "तुमच्यासमोर कशी रडेल? तुम्ही रडू देता कुठे तिला?"

बाईनं कौतुक केलं होतं. भिंगरीची नजर मात्र ढमीच्या छातीवर गेली. तारांनी बांधलेलं हाड आतून सुटायला लागलं, तर ते शांत पोराच्या छातीत कळत नाही. पोर खोकलं, जोरात रडलं, की दोन तुकडे एकमेकांवर घासतात आणि छातीवर ठेवलेल्या तळहाताला ते जाणवतं. हे तिला शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. तरी ढमी रडत असताना तिच्या छातीवर एकदाही कुणी हात ठेवला नव्हता. डॉक्टरांनी नाही, तिनंही नाही. कारण ढमी रडायला नको म्हणून ती स्वतःच तिथे उभी असायची.

"हिला रडवायला हवं," ती म्हणाली. आईला वाटलं, थट्टा करतेय.

भिंगरीनं हात धुतले आणि ढमीचं खेळणं काढून घेतलं. ढमी हसली. डोळे वटारले, तर टाळ्या पिटायला लागली. ही बाई म्हणजे मजा, एवढंच तिला माहीत! शेवटी भिंगरीनं आईला सांगितलं, "तुम्ही बाहेर जा. मागे वळून बघू नका." दार लागलं. ढमी दाराकडे बघत राहिली, मग भिंगरीकडे वळून तिनं हात पुढे केले. भिंगरीनं तिला घेतलं नाही. काळजाचं पाणी पाणी झालं, पण घेतलं नाही.

ढमीनं टाहो फोडला. भिंगरीचा तळवा छातीवर होता. टक्. हुंदका आला, पुन्हा टक्.

मोठ्या डॉक्टरांनी येऊन स्वतः हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. "मी रोज तपासत होतो," ते हळू म्हणाले, "आणि रोज ही तुझ्याकडे बघून हसत होती." छाती त्याच दिवशी पुन्हा उघडली. हाडाच्या मागे पू होता.

पुढचे दिवस नुसती घालमेल. जखम उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची होती, आणि ढमीच्या अंगात भरायला होतं तरी काय! चमचा चमचा दूध, अंड्याचा बलक, औषधं, रोजची साफसफाई. ती भिंगरीच करायची. दुसरीला देता आली असती, पण मग हाड पुन्हा टक् झालं, तर भिंगरीला कोण सांगणार? आता सोंगं बंद. तिला दारात बघितलं की ढमी किंचाळायची, मग भिंगरी जखमेच्या कडेनं छातीवर हात ठेवायची. घरी ती सासूबाईंजवळ एकदा ढसाढसा रडली. "पोर मला राक्षसीण समजतं हो."

"समजू दे," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत राहील तर समजेल ना!"

घरी जायचा दिवस उजाडला. ढमीचे गाल थोडे भरले होते. आईनं वाकून भिंगरीच्या पायांना हात लावायला घेतला, तशी ती दोन पावलं मागे सरली. "आधी मला तिला बघू द्या."

ढमीनं आईच्या मानेला मिठी मारली आणि जीव खाऊन ओरडली, "जा! जा!"

"अगं, असं नाही म्हणायचं," आई शरमून गेली. "मावशीनं तुला बरं केलं ना."

"ओरडू द्या तिला," भिंगरी म्हणाली. डोळे भरून आले होते, पण एक हात ढमीच्या पाठीवर आणि दुसरा मधून सरकवून छातीवर ठेवलेला, पुसायला मोकळा नव्हता. ढमी लाथा झाडत, लालबुंद होऊन, तिच्या तोंडावर किंचाळत होती, आणि तळव्याखाली हाड जागचं हलत नव्हतं. तिनं आणखी एक हुंदका येऊ दिला. मग हात काढला.

"जाते गं बाई, जाते," ती म्हणाली, आणि पलीकडच्या कॉटकडे गेली.