अर्जंट म्हणजे किती दिवस?

फाइल तिसऱ्यांदा परत आली. या खेपेला साहेबांनी समासात एकच शब्द लिहिला होता, 'एक्झामिन'. आता त्यात तपासायचं काय उरलं होतं बाप्पा, ते देवालाच ठाऊक.

केळापूरच्या पलीकडे मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या बोअरची मोटार जळली होती. नवीन मोटारीची मंजुरी आमच्या साहेबांच्या सहीवर अडलेली, आणि मी त्या ऑफिसची हेडक्लार्क. कागद सगळे पूर्ण. वरून लाल चिठ्ठीचा फ्लॅग, 'अर्जंट'.

बाहेरच्या माणसाला ऑफिसातलं इंग्रजी कळत नाही, म्हणून सांगते. 'डिस्कस' म्हणजे साहेबांनी फाइल वाचली नाही, तुम्ही तोंडी सांगा. 'एक्झामिन' म्हणजे वाचली, पण सही करायची भीती वाटते. 'पुट अप' म्हणजे पुन्हा आणा, आज नको. आणि 'अर्जंट' म्हणजे यात कोणाला तरी फार रस दिसतो, तेव्हा जपून.

वसतिगृहाच्या मेट्रनबाई रोज एसटीने यायच्या. त्या दिवशी बसल्याही नाहीत.

"मॅडम, पोरी नाल्यावरून पाणी आणून राह्यल्या. काल एकीचा पाय मोडला. तुमचं अर्जंट म्हणजे किती दिवस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ते लाल फ्लॅग मीच तर लावत आले होते.

त्या गेल्यावर मी फ्लॅग काढला. साहेबांच्या टेबलावर दुसरा ढीग असतो, 'रुटीन'. रजेचे अर्ज, टूर डायऱ्या, झाडू-फिनाइलची मागणी. साडेचारच्या चहाबरोबर साहेब तो उरकायचे, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन. मोटारीची फाइल मी फिनाइलच्या खाली सरकवली. आतला एक कागदही बदलला नाही.

पावणेपाचला सही झाली. चौथ्या दिवशी वसतिगृहात पाणी आलं.

महिन्याभराने साहेबांच्या लक्षात आलं. मला बोलावलं. ही तर अर्जंट फाइल होती, रुटीनमध्ये कशी गेली, असं विचारलं.

"अर्जंट होती म्हणूनच, साहेब."

आता मेमो मिळणार, असं मी धरूनच चालले होते. पण साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. गावाकडे बदली मिळावी म्हणून त्यांनीच वरच्या ऑफिसला केलेल्या अर्जाची प्रत होती, आठ महिन्यांपूर्वीची. आई आजारी, म्हणून 'मोस्ट अर्जंट'.

"हा नव्याने लिहून द्या," ते हळूच म्हणाले. "साधाच लिहा."

मी लिहून दिला. ज्याला खरीच घाई आहे, त्याने ती कागदावर दाखवू नये.