नापास काका

पार्सल पोहोचवणाऱ्या त्या गोदामात चाळीस सायकली होत्या आणि रोज सकाळी बाहेर पडण्याआधी प्रत्येक सायकल एकाच माणसाच्या हाताखालून जायची. त्यांना सगळे 'नापास काका' म्हणत. ब्रेकचं रबर झिजलेलं दिसलं, नापास. चाक फिरवताना जरा लचकलं, नापास. पायडल हलवल्यावर खुट्ट वाजलं, तरी नापास. मग हँडलला लाल चिंधी बांधली जायची, आणि सायकलवाल्याने कितीही गयावया केली तरी ती सुटायची नाही. बायको म्हणायची, "नशीब माझं, लग्नाआधी मला हलवून पाहिलं नाहीत!" काका गालातल्या गालात हसत. पण एकवीस वर्षांत आपण पास केलेल्या सायकलवरून कुणी पडलेलं नाही, हे सांगताना ते हसत नसत.

पुढे त्यांचाच जावई मॅनेजर होऊन आला. घरी तो त्यांना मामा म्हणे, गोदामात काका.

त्या सकाळी आठ सायकलींना चिंध्या लागल्या होत्या. नववी एका उंच, हडकुळ्या गड्याची. काकांनी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरची धूळ पुसली, बोट फिरवलं आणि थांबले. वरच्या जोडापाशी केसाएवढी चीर होती.

ते चिंधी बांधणार तोच जावई आला. नखाने खरवडून म्हणाला, "रंग उडालाय नुसता."

"रंग नाही. लोखंड आहे ते. वजन पडलं की तुटणार."

"काका, आज नऊ सायकली उभ्या राहिल्या तर वरचे मला उभं करतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, घरी तुमच्या लेकीला काय सांगू? तुझ्या वडिलांनी माझी नोकरी घालवली म्हणून?"

काकांनी गड्याकडे पाहिलं. तो निमूट पार्सलं बांधत होता. तपासणीच्या कागदावर त्यांनी सही केली.

दुपारी बातमी आली. उतारावर चिमटा तुटला होता आणि गडी तोंडावर आपटला होता. जबडा मोडला, उजवा डोळा गेला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी लेक आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "बाबा, तुम्हाला निवृत्त व्हायला सहाच महिने राहिलेत. त्यांचं अख्खं आयुष्य पडलंय."

"आणि त्या गड्याचं?"

लेक रडायला लागली. काकांना ते कधीच बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "सही कुणाची?"

"माझी."

"चीर दिसली नाही?"

जावई समोरच बसला होता. त्याने खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं.

"नाही दिसली," काका म्हणाले. नजर अधू झाली असा शेरा मारून त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं.

आठवड्याने ते दवाखान्यात गेले. गड्याच्या बायकोने त्यांना दारातच अडवलं. "काका, सगळ्यांना नापास करायचात तुम्ही. नेमकं ह्यांनाच कसं पास केलंत?" खरं सांगितलं असतं, तर लेकीचं घर मोडलं असतं. काका मान खाली घालून परत फिरले. त्यानंतर त्या रस्त्याने जायचंच त्यांनी सोडलं.

गोदामात त्यांच्या जागी कुणालाच नेमलं नाही. आता प्रत्येक सायकलवाला स्वतःच कागदावर सही करतो आणि निघतो. पडला तर दोष त्याचाच. ही नवी पद्धत जावयानेच सुचवली. वरच्यांना इतकी आवडली, की त्याला बढती मिळाली.

ती सांगायला रविवारी दोघं आली. जावई दारात वाकून बूट काढत होता. लेक मिठाईचा पुडा घेऊन आत आली आणि वडिलांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाळ," ते म्हणाले, आवाज न चढवता, पण दारापर्यंत जाईल असा, "यापुढे एकटी येत जा."

जावयाने काढलेला बूट पुन्हा पायात घातला.