घाटावरची साडी

ह्यांची नजर साखरेने गेली. बँकेच्या बदलीने आम्ही कलकत्त्याला आलो आणि निवृत्तीनंतरही इथल्या बेहाला भागातच राहिलो, ते ह्यांच्या सिनेमाच्या वेडापायी. थंडीत महोत्सव लागला की हे दिवसभर तिकडेच. मग रविवारी बँकेतले एक जुने सोबती आणि बालीगंजचे निवृत्त प्राध्यापक आमच्याकडे जमत, आणि बक्षीस कुठल्या सिनेमाला मिळायला हवं यावर वाद रंगे. प्राध्यापक हरायला लागले की म्हणत, "बर्गी आले, आता सगळं लुटून नेणार." पूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठी स्वारांचं ते नाव. हे खूश होऊन हसत. मी थालीपीठ देऊन आत जाई. मी चौथी शिकलेली, आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

नजर गेल्यावर मुलगी लॅपटॉपवर सिनेमा लावून कामाला जाऊ लागली. बोलणं ह्यांना ऐकू येई, बंगाली चांगलं कळे. दिसेल ते मी सांगायचं. सुरुवातीला मी म्हणे, बाई नुसती बसलीय. हे चिडत. "नुसतं कुणी बसत नाही. हात कुठे आहेत तिचे?" हळूहळू मी हात सांगायला शिकले, मग उजेड कुठून येतो तेही.

यंदा एका तरुण बाईने काढलेल्या सिनेमाचं नाव मोठ्या बक्षिसासाठी घेतलं जात होतं. नावाडी नदीत बुडतो. त्याची बायको आपली लग्नाची साडी धुऊन घाटावर वाळत घालते. पुढे बराच वेळ ती साडी वाऱ्याने हलत राहते, बाकी काही नाही.

"रंग?" ह्यांनी विचारलं.

"लाल," मी म्हटलं.

रविवारी प्राध्यापकांनी सिनेमाला नावं ठेवली. दुःख फार सजवलंय, बक्षिसावर डोळा ठेवून काढलाय, म्हणाले. हे खूप दिवसांनी ताठ बसले होते.

"ती लाल साडी काढून टाका, मग सिनेमात काय उरतं सांगा. सगळं दुःख तिने त्या एका रंगात ठेवलंय."

प्राध्यापकांनी सोबत्याकडे पाहिलं. मी ताट घेऊन दारात उभी होते. सिनेमा काळा-पांढरा होता. जे दिसतं ते मी सांगत होते, जे नाही ते सांगायचं सुचलंच नव्हतं.

"हो दादा," प्राध्यापक मऊ आवाजात म्हणाले, "लाल रंग सुंदर आहे." आणि त्यांनी सोबत्याच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली.

मंडळी गेल्यावर हे म्हणाले, "आज बर्गी म्हणाला नाही तो."

मी कपबशा गोळा करत राहिले.

"रंगीत नव्हता का गं?"

"नव्हता."

"मग लाल कुठून आणलास?"

"लग्नाची होती ना. मला लालच दिसली."

ह्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

मंडळी अजून येतात. साखर, गुडघे, नवी मेट्रो, असं बोलतात. सिनेमाचा विषय निघालाच तर कुणीतरी घाईने तो बदलतं, आणि ह्यांना ते कळतं.

परवा मुलीने एक नवा सिनेमा लावून दिला. मी आधीच सांगितलं, "अहो, हा रंगीत आहे."

"राहू दे," हे म्हणाले. "बंद कर."