दार उघडं ठेवून प्रार्थना

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. माहेर अहमदनगरचं. तिथे रविवारी चर्चची घंटा झाली की आख्खी गल्ली धुवट कपड्यांत बाहेर पडायची. श्रद्धा मुद्दाम सांभाळावी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. पनवेलला ह्यांची शाळेत नोकरी होती. आमच्यासारखं दुसरं मराठी ख्रिस्ती घर गावात मला तरी माहीत नव्हतं, आणि ठाण्याच्या चर्चचे पाळकसाहेब कधीतरीच यायचे.

पहिले कित्येक रविवार असेच गेले. मी कपडे धुवायची, हे पेपर तपासायचे. एकदा रात्रीचं जेवण वाढताना लक्षात आलं, आठवडाभरात मी देवाचं नावही घेतलेलं नाही. मला भीतीच वाटली.

"उद्यापासून चूल पेटवायच्या आधी प्रार्थना," मी ह्यांना म्हटलं. "आणि रविवारी उपासना. इथेच, आपली आपण."

"दोघांची कसली उपासना?"

"दोघं तर दोघं."

ह्यांनी एकच अट घातली. दार लावून, हळू आवाजात. शेजार नवा, उगाच चर्चा नको. मी मान्य केलं. पण चर्चा झाली ती त्या लावलेल्या दारामुळेच. आमची घरमालकीण मिठागरं आणि भातशेती असलेल्या आगरी घरातली. मी तिला मावशी म्हणायची. एक दिवस ओट्यावर सुकट निवडता निवडता तिने सरळ विचारलं, "बाय, रोज सकाली दार लावून तुमी काय करता? लोक इचारतान. कोन बोलतं जादूटोना, कोन बोलतं मानसं बाटवतान."

"प्रार्थना करतो, मावशी."

"मंग दार कशाला लावता? देवाचं नाव घ्याला लाज कसली?"

दुसऱ्या दिवशी मी दार सताड उघडलं आणि मोकळ्या गळ्याने स्तोत्र गायलं. हे अवघडून बसले होते. रस्त्याने जाणारे थबकायचे, वाकून बघायचे, चटईवर दोन माणसं दिसली की पुढे जायचे. काहींनी टोमणे मारले. मी गाणं थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. भर पावसाळ्यात तिला ताप आला आणि एका दुपारी ती माझ्या मांडीवरच गेली. तिचा बाप्तिस्माही राहिला होता. नदीला पूर, एसटी बंद. ठाण्याला निरोप जाणार कसा? आणि पोरीला ठेवायचं कुठे? ख्रिस्ती दफनभूमी गावात नव्हती.

मावशीचे यजमान दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आमच्या शेताच्या वरल्या अंगाला जागा हाय. तिथं पानी चढत नाय." आणि फावडं घेऊन स्वतः पुढे निघाले.

"पण पाळकाशिवाय कसं करायचं?" ह्यांनी विचारलं.

"प्रार्थना मी म्हणते."

बाईने अंत्यविधी केलेला मी कधी पाहिला नव्हता. मावशीही आली. बायकांनी जायचं नसतं असं कुणी म्हणालं, तिने ऐकून घेतलं नाही. खड्ड्यापाशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी म्हणू लागले आणि आमेनपर्यंत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटई घातली. हे खाटेवरून उठले नाहीत.

"देवाला अजून काय सांगायचं राहिलंय?" ते म्हणाले. "त्याने ऐकलं का?"

अंगातलं दूध आटलं नव्हतं, चोळी ओली होत होती. "राग मलाही आलाय," मी म्हटलं. "तो त्यालाच सांगणार आहे." आणि सांगितला. स्तोत्र म्हणवत नव्हतं, म्हणून त्या दिवसांत मी नुसती बोलायची. काही सकाळी तेही जमायचं नाही, तेव्हा बसून राहायची. पण बसायचं चुकवलं नाही.

हे आधीच उठून तळ्याकडे फिरायला जाऊ लागले. मी त्यांना अडवलं नाही. थंडी पडल्यावर एकदा ते अर्ध्या प्रार्थनेत परत आले. चपला काढल्या आणि चटईच्या कडेला बसले. गायले नाहीत. गायला त्यांना आणखी बरेच दिवस लागले.

पुढे एसटीतला एक ख्रिस्ती मेकॅनिक बायकामुलांसह गावात राहायला आला, मग दवाखान्यात एक ख्रिस्ती नर्स आली. रविवारी आमची खोली पुरेना, काहीजण ओट्यावर बसू लागले. अशाच एका रविवारी पाळकसाहेब आले आणि दारातच थांबले.

"ही मंडळी कुणी जमवली?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"हिने," हे म्हणाले. "मी तर मध्येच उठून गेलो होतो."

मी चुलीकडे वळले. एवढ्या माणसांचा भात अजून व्हायचा होता.